बॅटरी बदलली आणि रेडिओ कोड मागालाय, हे लॉक चोरासाठी हाय का मालकासाठी?

निपाणी_तेवीस:
मागच्या रविवारी बॅटरी गेली म्हणून नवीन बसवली. गाडी चालू झाली, दिवे आले, सगळं बरोबर, फक्त कंपनीचा रेडिओ चार आकडी कोड मागालाय. गाडी पुण्याची, एमएच १२, दोन महिन्यांपूर्वी सेकंड हँड घेतली, कंपनीचं नाव घेत नाही. कोडचं कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात असतंय म्हणतात, आमच्या पाकिटात सर्व्हिस बुक हाय आणि कार्ड नाही. अंदाजानं दोनदा आकडे दाबले तर रेडिओ गप्पच झाला. शोरूमला फोन केला तर म्हणाले आरसी तुमच्या नावावर दाखवा मगच कोड. आता पुण्याची एनओसी यायची, मग इकडं कर्नाटकात चिकोडी आरटीओत टॅक्स भरायचा, मग केए २३ नंबर पडायचा, ह्यात किती हेलपाटे होतात ते आपल्याकडं महाराष्ट्रातली गाडी आणलेल्या कुणालाही विचारा. पैसे दिले, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडी दारात उभी हाय, आणि त्यातला रेडिओ मात्र अजून माझा नाही. माझं स्पष्ट मत हाय की चोराला अडवायला केलेलं हे लॉक आज मालकालाच अडवालंय. वडील सकाळी मळ्याकडं जाताना आकाशवाणी सांगली लावतात, आठ दिवस झाले गप्प बसून जातात, ते मला बघवत नाही म्हणून एवढं लिहिलं.

वडगाव_वायरिंगवाला:
तुमचा त्रास समजतो, पण मत पटलं नाही. मी पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. पूर्वी डेक, म्हणजे गाडीतला रेडिओ, १८० बाय ५० मिलिमीटरचं एकच खोकं, सगळ्या गाड्यांत तेच माप, बाजूच्या भोकांत दोन पट्ट्या घातल्या की खटकन बाहेर. काच फुटायची, डेक जायचा, आणि काचेचा खर्च वेगळा. म्हणून तर पुढं पुढची पट्टी काढून खिशात घालून न्यायचे डेक आले. कोडचं काम साधं हाय, करंट तुटला की रेडिओ झोपतो आणि आकडे दिल्याशिवाय उठत नाही, म्हणजे चोरलेला रेडिओ दुसऱ्या गाडीत मुका. घेणाराच नाही तर चोरणार कशाला? आणि फोनवर नुसतं नाव सांगून कोड दिला असता तर उद्या तुमच्या गाडीचा कोड दुसऱ्यानं मागितला असता की ओ. शोरूमनं आरसी मागितली ते बरोबरच केलं.

खानापूर_चोर्ला:
वायरिंगवाले दादा, चोऱ्या कोडमुळं थांबल्या हे अर्धंच खरं. रेडिओ स्वस्त झाला आणि डॅशबोर्डात असा मिसळला की त्याचा आकार दुसऱ्या गाडीत बसतच नाही, म्हणून पण थांबल्या. आता चोर मारुती ईको व्हॅनचा सायलेन्सर कापून नेतात, आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियम ह्या महाग धातूंसाठी, डेककडं कोण बघत नाही.

आणि खरा घोळ पुढं हाय. कोड मिळत नाही म्हणून मी कंपनीचा सेट काढून मोठी अँड्रॉइड स्क्रीन घातली. बसवणाऱ्यानं स्क्रीनची लाल (चावीबरोबर चालू होणारी) आणि पिवळी (कायम चालू) वायर एकत्र करून कायमच्या करंटला जोडली, कारण ह्या गाडीत चावीबरोबर चालू होणारी वायर रेडिओपर्यंत येतच नाही, चालू-बंदचा निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतली यंत्रं एकमेकांशी बोलतात त्या वायरवरून येतोय. दोन रात्री गाडी उभी राहिली आणि बॅटरी खलास. नंतर तो निरोप वाचणारा कॅन अ‍ॅडॉप्टर घातला तेव्हा स्क्रीन चावीबरोबर बंद व्हायला लागली. तरी एफएम खरखरतच होतं, जांबोटीच्या पुढं तर काहीच नाही, आणि मी आपला घाटाला दोष देत बसलो. शेवटी कळलं की छतावरच्या अँटेनाच्या बुडात छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतोय आणि त्याला १२ व्होल्ट जुना रेडिओच अँटेनाच्या केबलमधून द्यायचा. नवीन सेट देत नाही, त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर. स्टीअरिंगची बटणं अजून बंदच हायत. रेडिओ बदलणं म्हणजे आता नुसतं खोकं बदलणं राहिलं नाही, आणि हे विकणारा आधी सांगत नाही.

उद्यमबाग_शिफ्ट:
चोर्लावाल्यांचं अँटेनाचं बरोबर आहे, स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये हे नेहमी दिसतं. पण लॉक मालकालाच अडवतं म्हणून ते नकोच, हे मला मान्य नाही. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली तरी कोड मागत नाहीत, कारण रेडिओ गाडीतल्या स्पीड दाखवणाऱ्या मीटरची ओळख लक्षात ठेवतो आणि तीच गाडी दिसली की आपोआप उघडतो. मालकाला त्रास नाही, चोराला उपयोग नाही. शिवाय आजच्या स्क्रीनमध्ये तुमचे फोन नंबर, घरचा पत्ता सगळं असतं.

माझा राग दुसऱ्या ठिकाणी आहे. अपघातात गेलेल्या गाडीची चांगली स्क्रीन बिल घेऊन विकत घेतली तरी काही कंपन्यांच्या गाडीत ती कंपनीच्या कॉम्प्युटरशिवाय जोडता येत नाही, मग चांगली वस्तू भंगारात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं पण धरलीत. कागद दाखवले की जोडून द्यायची सक्ती झाली पाहिजे, आणि ठरलेल्या दरात.

वडगाव_वायरिंगवाला:
बिल कोण बघतो दादा? माझ्याकडं रोज कोणतरी सेट घेऊन येतोय, बिल विचारलं की "घरी हाय" म्हणतोय. जोडणी मोकळी केली तर चोरीचा आणि भंगाराचा सेट मी वेगळा कसा ओळखू? मी तसला सेट हातात घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

निपाणी_तेवीस:
पुण्याच्या आधीच्या मालकाला परत फोन लावला. त्यांनी कपाट शोधून कार्डाचा फोटो पाठवला. ह्या वेळी घाई केली नाही, रेडिओ चालूच ठेवून तासभर थांबलो, कारण चुकीच्या आकड्यांमुळं लागलेल्या लॉकची वेळ रेडिओ बंद केला तर पुढं सरकत नाही, मग आकडे घातले आणि चालू झाला. वडगावच्या दादांचं चोरीचं म्हणणं मला पटलं, पण मूळ मत तेच हाय. ते मालक भले होते म्हणून काम झालं, त्यांनी फोन उचलला नसता तर मी काय करणार होतो? विक्रीच्या सह्या, गाडीचा चासी नंबर आणि माझं ओळखपत्र बघून कोड द्यायला काय हरकत हाय?

वडगाव_वायरिंगवाला:
एवढं मागणं रास्त हाय. सह्या आणि चासी नंबर जुळत असतील तर द्यावा. फक्त कार्ड परत गाडीत ठेवू नका ओ, घरात आरसीच्या झेरॉक्सबरोबर ठेवा. आणि पुढची बॅटरी बदलायच्या आधी बसवणाऱ्याला सांगा, दुसऱ्या बॅटरीवरून करंट चालू ठेवून बदलता येते, म्हणजे कोड मागणारच नाही.