पाण्याचा दर ठरवणारे आणि नदी राखणारे: एका टेबलावर बसवायचे का?

गाळ_आणि_गणित
महाराष्ट्रापुरतं बोलू. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण (मजनिप्रा) २००५च्या कायद्याने आलं, ठोक जलदर (धरण-नदीतून पालिका, उद्योग, शेतीला दिलेल्या पाण्याचा दर) तेच ठरवतं. वापरून सोडलेल्या पाण्यावर नजर प्रदूषण नियंत्रण मंडळाची, १९७४च्या जल कायद्याखाली. मजनिप्रा कायद्याच्या कलम १२(५)मध्ये 'प्रदूषण करेल तो भरेल' हे तत्त्व आणि संबंधित यंत्रणांशी समन्वय, दोन्ही लिहून ठेवलंय. दराचा पाया मात्र कलम ११मध्ये आहे: व्यवस्थापन, प्रशासन, देखभाल-दुरुस्तीच्या खर्चाची वसुली. नदी नासल्याचा खर्च त्यात कुठेच नाही.

हिशेब बघा. शहराची नदीतून उचल १०० एमएलडी (रोज १० कोटी लिटर). त्यातलं ८० टक्के मैलापाणी होऊन परत येतं. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर रोज २० टन. सगळं पाणी १० मिलिग्रॅमपर्यंत उतरवलं तर नदीत ८०० किलो जातं. निम्मंच शुद्धीकरण केंद्रात पोचलं आणि उरलेलं थेट नाल्यात गेलं तर १०,४०० किलो. तेरापट! तरी मूळ दर लागतो तो उचललेल्या घनमीटरवर. मला दराचे दोन भाग हवेत: एक उचलीचा, एक बीओडीच्या किलोंचा. किलोंचा आकडा मंडळाने दर तिमाहीला सही करून द्यावा आणि प्राधिकरणाने तो बिलात घ्यावा.

नाल्याकाठी
हा प्रयोग होऊन गेलाय. १९७७चा जल उपकर आठवा. हजार लिटरला काही पैसे, आणि शुद्धीकरण यंत्रणा बसवली तर कलम ७ने २५ टक्के सूट. पैशांतल्या दरातली पाव हिस्सा सूट मिळावी म्हणून ब्लोअर (टाकीत हवा मारणारं यंत्र) रात्रंदिवस कोण चालवणार? जीएसटी आला आणि २०१७त उपकर गेला.

शिवाय तुमचा किलोंचा आकडा येणार कुठून? नमुन्याची बाटली भरतात केंद्राच्या आउटलेटला, दुपारी, एकदाच. बायपासचं गेट (पाणी केंद्राला वळसा घालून थेट नाल्यात सोडणारं) असतं त्याच्या कितीतरी वर, इनलेट चेंबरपाशी. गेट अर्धं उघडं ठेवलं की आत कमी पाणी येतं आणि आउटलेटचा बीओडी झकास दिसतो. म्हणजे नदी जितकी घाण, तितका रिपोर्ट चांगला.

गाळ_आणि_गणित
दर नगण्य होता हे कबूल. तो दराचा दोष, कल्पनेचा नाही. बायपास पकडायला गेटवर पहारा कशाला? पाणीपुरवठ्याचा आकडा गुणिले ०.८, वजा इनलेटच्या फ्लोमीटरवरचं पाणी. जे उरेल ते कच्चं मैलापाणी धरायचं आणि २५०च्या हिशेबाने बिल लावायचं. मलनिःसारण वाहिनी गळते की वस्ती जोडलेलीच नाही, हे सिद्ध करणं पालिकेवर. आउटलेटला चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला मिश्र नमुना.
उचलीचे आकडे पाटबंधाऱ्यांकडे, बीओडीचे मंडळाकडे. दोन्ही एका कागदावर आल्याशिवाय ही वजाबाकी होतच नाही. सहकार्य म्हणतो ते एवढंच.

दरपत्रक
इंग्लंडमध्ये याच्या पुढे गेलेत. ऑफवॉट, म्हणजे पाणी कंपन्यांवरचं दर-नियामक, पाच वर्षांचे दर ठरवतं. त्याआधी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी (तिथली पर्यावरण नियामक) कोणत्या नदीवर कोणती कामं हवीत याची यादी देते. २०२५-३०साठी ऑफवॉटने १०४ अब्ज पौंडांच्या खर्चाला मंजुरी दिली, आणि काम झालं नाही तर पैसे ग्राहकाला परत अशी अटही घातली. आपल्याकडे दराचा फेरआढावा तीन वर्षांनी, मंडळाच्या संमतीपत्रांच्या (सांडपाणी सोडण्याच्या परवान्यांच्या) मुदती वेगळ्याच. आधी तारखा जुळवा.

नाल्याकाठी
आणि त्याच इंग्लंडात २०२४ला मैलापाण्याच्या ओव्हरफ्लोमधून ३६ लाख तास पाणी नदी-समुद्रात गेलं. पाणी क्षेत्राचा आढावा घेणाऱ्या २०२५च्या कनलिफ आयोगाने तर ऑफवॉट बंद करून एकच नियामक करा म्हटलं. मला तो उपाय रोगापेक्षा वाईट वाटतो. दरवाढीचा ओरडा झाला की त्याच इमारतीतला नदीवाला विभाग निकष ढिले करणार, तेही दार लावून. दोघं वेगळे राहोत, भांडण सुनावणीत सगळ्यांसमोर होवो.

दरपत्रक
विलीनीकरण मीही मागत नाही. फक्त यादी आधी, दर नंतर.

ब्लोअर_बंद
बिल लावाल, पण भरणार कोण? पालिकेच्या ज्या खात्यातून हा किलोंचा अधिभार जाईल, त्याच खात्यातून केंद्राचं वीजबिल जातं. त्या बिलात मोठा वाटा हवा मारण्याचा. हात आखडला की पहिले ब्लोअर बंद, विरघळलेला प्राणवायू खाली, टाकीतले जिवाणू मरतात. परत वाढवायला काही आठवडे लागतात, तोवर बीओडी आणखी वर आणि पुढच्या तिमाहीला अधिभारही. म्हणून हा पैसा वेगळ्या खात्यात कुलूपबंद हवा, आणि सुटावा तो फक्त त्याच केंद्राच्या विजेसाठी, दुरुस्तीसाठी. सोडायला सही दोन्ही नियामकांची.

उद्योगांचं सोपं आहे. ब्रिटनच्या मॉग्डन सूत्रात प्रमाणासोबत सांडपाण्याचा सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज) आणि गाळ सरासरी मैलापाण्याच्या किती पट आहे ते बघून दर लागतो. एमआयडीसीच्या सामाईक सांडपाणी केंद्रांत तसं बसवता येईल.

नाल्याकाठी
कुलूपबंद खातं पटलं. दोन सह्या नाही. एक साहेब रजेवर गेला की पंप जळलेलाच राहणार. मंडळाने आकडा द्यावा, पैसे सोडण्याचं काम प्राधिकरणाचं, आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंजूर धरायचं.

ब्लोअर_बंद
पंधरा दिवसांत जिवाणू मेलेले असतात. विजेपुरते तीन दिवस करा.