गोल्फ कोर्सवर शनिवार-रविवार सकाळी बग्ग्या पुरत नाहीत, लोक टीवर (जिथून खेळ सुरू होतो तिथे) खोळंबतात, काय करू?

सहाची_ड्युटी:
पुण्याजवळ एका १८ होलच्या कोर्सवर स्टार्टर आहे, म्हणजे ठरल्या वेळी एकेक ग्रुप खेळायला सोडणारा. कागदावर २२ बग्ग्या, चालतात १६, बाकीच्या कायम आजारी. सहाला पहिला फोरबॉल (चौघांचा ग्रुप) सोडतो मग दर आठ मिनिटांनी एक, आणि सात वाजले की शेड रिकामी आणि सगळे माझ्याकडे डोळे वटारून उभे. परवा एक काका म्हणाले, टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) कशाला देता, रेशनसारखं टोकनच द्या. मॅनेजर म्हणतो अजून दोन घेऊ. फरक पडेल का?

कॅडीशेड:
आठ मिनिटांचा पडेल 😄 गणित बघ ना भावा, एका फोरबॉलला दोन बग्ग्या म्हणजे १६ मध्ये आठच ग्रुप, आठवा ६.५६ ला गेला की ७.०४ वाल्याला काही नाही, आणि पहिली बग्गी परत यायला सव्वादहा, कारण १८ होलला सव्वाचार तास तर धरायलाच लागतात. नव्या दोन आल्या तरी फक्त ७.०४ वाला सुटला, ७.१२ वाला तिथेच. घोळ बुकिंगला आहे. आम्ही फोनवरच विचारतो बग्गी पाहिजे का, १६ संपल्या की पुढच्यांना सरळ सांगतो कॅडी (बॅग उचलणारा) आणि बॅगेची ट्रॉली मिळेल, बग्गी नाही. बरेच जण खुशीने चालतात रे, टीवर आल्यावर कळतं म्हणून भडकतात. आणि नऊच होलवाल्यांना पहिल्या स्लॉटला घाल, त्यांच्या बग्ग्या सव्वाआठपर्यंत परत येतात.

रेंजवरचा_पाहुणा:
मी खेळणारा आहे. बग्गी नसेल तर नसू दे पण आदल्या दिवशी कळवा हो. मला एकदा "तोवर रेंजवर मारा" म्हणून सरावाच्या जागी पाठवलं, तिथे बॉलच संपलेले.

बॅटरीवाला_४८व्होल्ट:
ते सगळं ठीक पण त्या सहा आजारी का आहेत ते आधी बघा. बॅटऱ्या लेड-अ‍ॅसिड असणार. झाकणं उघडा, प्लेटा उघड्या दिसल्या तर आधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला (बोअरचं नको!) आणि बाकीचं चार्जिंग झाल्यावर, आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना अ‍ॅसिड वर येऊन सांडतं. पूर्ण चार्जला आठ-दहा तास लागतात, संध्याकाळी सातला आलेली बग्गी पोरं जेवूनखाऊन अकराला प्लगला लावत असतील तर सकाळी सहाला ती अर्धपोटीच निघणार, मग चौदाव्या होलवर ढकला. लिथियम लवकर चार्ज होते पण महाग, मॅनेजरसमोर आत्ताच नाव काढू नका.

सहाची_ड्युटी:
आज दुपारी सहाही उघडल्या. चारच्या प्लेटा कोरड्या ठाक, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचलेली, खोबऱ्याच्या किसासारखी. पाचवीची नुसती चार्जरची पिन ढिली, एवढ्यासाठी ती दिवाळीपासून उभी आहे!! आणि सहावीची सीट उचलली तर खाली बॅटऱ्याच नाहीत. आता हे मॅनेजरला कसं सांगू ते पण सुचवा कोणीतरी.