कारखाना वेर्ण्यात, चावी जर्मनीत: आयटीतला शेवटचा शब्द कोणाचा?

डिचोलीकर
गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी आयटी बघतो. मालक कंपनी जर्मन. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या देशांतले कारखाने एकाच ईआरपीवर, म्हणजे खरेदीपासून बिलापर्यंत सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणले आणि इथले अधिकार काढून घेतले. गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी काय झालं ते सांगतो, मग तुम्हीच बोला.

निर्यातीच्या ई-इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे सरकारी जीएसटी पोर्टलवर नोंदवायच्या बिलात, गिऱ्हाइकाचा पिन कोड ९९९९९९ आणि राज्याचा कोड ९६ घालावा लागतो. परदेशी गिऱ्हाइकासाठी सरकारने ठरवून दिलेले आकडे आहेत ते. हेडऑफिसच्या डेटा टीमला मात्र सहा वेळा नऊ म्हणजे कोणीतरी कंटाळून भरलेला कचरा वाटला. शनिवार-रविवारी त्यांनी यादी ‘साफ’ केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा खरा पोस्टल कोड भरला. सोमवारी सकाळी पोर्टल आमचं एकही निर्यात बिल घेईना. पोर्टल देतं तो बिलाचा नोंदणी क्रमांक, आयआरएन, नाही म्हणजे बिल नाही, बिल नाही म्हणजे गेटपास नाही. न्हावाशेवा बंदराला जायचा कंटेनर भरून, सील लावून उभा.

आमच्या टीममधल्या पोराला चूक दहा मिनिटांत सापडली. पण कस्टमर मास्टर, म्हणजे गिऱ्हाइकांची ती मूळ यादी, उघडायचा अधिकार वेर्ण्यात कोणालाच नाही. हेडऑफिसला तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार, टाकलं. जर्मनीत आठ वाजले तेव्हा इथे साडेअकरा झाले होते. उत्तर आलं: मास्टरमधले बदल गुरुवारच्या बैठकीत मंजूर होतात. जहाज चुकलं.

माझं म्हणणं एवढंच. प्रणाली एक असू द्या, मला ती आवडते. पण जिथे भारतीय कायदा तिच्यात शिरतो तिथला शेवटचा शब्द इथल्या माणसाचा हवा.

सुलभा, मडगाव
जहाज चुकल्याचं खरंच वाईट वाटलं. पण मी वीस वर्षं क्वालिटीत आहे आणि ‘इथल्या माणसाचा शब्द’ कसा असतो ते जवळून पाहिलंय. माझ्या आधीच्या नोकरीत प्रयोगशाळेतल्या एचपीएलसीचा (औषधाची शुद्धता तपासायच्या यंत्राचा) एकच लॉगिन सहा जण वापरायचे. संगणकाचं घड्याळ कोणीही मागे-पुढे करायचं. ईआरपीचा सर्व्हर एका गृहस्थाच्या पासवर्डवर चालायचा आणि ते रजेवर गेले की सगळे हात बांधून बसायचे.

अमेरिकेला औषध पाठवायचं तर एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामकाचा, पार्ट ११ हा नियम १९९७ पासून आहे: नोंद कोणी केली, कधी बदलली, आधी काय होतं, हे लपता कामा नये. निरीक्षक आला की ऑडिट ट्रेल, म्हणजे या बदलांची आपोआप होणारी नोंद, उघडायला सांगतो. तिथे ‘आमचा मुलगा हुशार आहे’ हे उत्तर चालत नाही.

आणि आणखी एक. एकाच कच्च्या मालाला आमच्या तीन कारखान्यांत तीन कोड होते. एक बॅच परत मागवायची वेळ आली तेव्हा कुठला लॉट कुठे गेला हे शोधायला आम्ही पहाटेपर्यंत एक्सेल जुळवत होतो. ती रात्र मी विसरणार नाही. आज तुमच्या पोराने दहा मिनिटांत पिन कोड बदलला असता. उद्या दुसरा कोणी तितक्याच विश्वासाने एक्स्पायरीची तारीख बदलेल.

प्रसन्न, पर्वरी
सुलभाताईंशी सहमत. मी सायबर सुरक्षेत आहे आणि माझ्या लेखी ‘स्थानिक सवलत’ म्हणजे उघडं राहिलेलं मागचं दार. जून २०१७ आठवा. नॉटपेट्या या संगणक व्हायरसने मर्स्कसारख्या जहाज कंपनीला लोळवलं, आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. नंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. ते आत शिरलं कुठून? युक्रेनमध्ये कर भरायला वापरतात त्या एका स्थानिक हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. डिचोलीकर, तुमची ई-इन्व्हॉइसची जोडणी नेमकी त्याच जातीची.

डिचोलीकर
प्रसन्नबाब, गोष्ट अर्धी सांगितलीत. आत शिरलं ते युक्रेनच्या दारातून, मान्य. पण युक्रेनमधून जगभर कशाने पसरलं? सगळी ऑफिसं एकाच जाळ्यात सताड उघडी जोडली होती म्हणून. आणि मर्स्क वाचली कशामुळे? त्यांचे जगभरातले डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारे सर्व्हर, एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. फक्त घानामधला एक उरला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता. त्या एका प्रतीवरून कंपनी परत उभी राहिली.

आणि युक्रेनमध्ये कर भरायला तिथलं सॉफ्टवेअर लागतंच. ते ठेवू नका म्हणणं म्हणजे तिथे धंदा करू नका म्हणणं. उपाय एकच होता: ते वेगळ्या खोलीत ठेवायचं आणि त्या खोलीला जबाबदार माणूस नेमायचा.

प्रसन्न, पर्वरी
वेगळी खोली, हे पटलं. घानाचं मात्र उदाहरण देऊ नका, वीज जाणं हे काही नियोजन नव्हे. ऑफलाइन प्रत ठेवणं हे नियोजन. आणि तेही केंद्रानेच सक्तीने करून घ्यायचं काम आहे. कारखान्यांवर सोडलं तर निम्मे करतील, निम्मे पुढच्या महिन्यावर ढकलतील.

अवधूत, फोंडा
मी ईआरपी बसवण्याचं काम करतो, मोठ्या कंपन्यांत. डिचोलीकरांसारखं बोलणारा माणूस प्रत्येक देशात भेटतो आणि प्रत्येकाचं ऐकलं तर काय होतं ते लिडलला विचारा. जर्मन सुपरमार्केट. सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालून २०१८ मध्ये त्यांनी सॅपचा (सॅप हे एक ईआरपी) प्रकल्प सोडून दिला. घोडं अडलं ते एका रीतीवर: लिडल साठ्याची किंमत खरेदी दराने मांडायचं, सॅपचं प्रमाण सॉफ्टवेअर विक्री दराने. लिडलने रीत सोडली नाही, सॉफ्टवेअर वाकवत राहिले. आधी प्रणालीप्रमाणे स्वतःला बदला, मग तक्रार करा.

डिचोलीकर
अवधूत, लिडलची ती सवय होती. ९९९९९९ ही माझी सवय नाही, तो कायद्याने घालून दिलेला आकडा आहे. या दोहोंत मी फरक करतोय. सवय सोडायला मी तयार आहे, आमची खरेदीची जुनी पद्धत आम्ही सोडलीसुद्धा. कायदा मी कसा सोडू?

हॉटेलवाला, कळंगुट
मध्येच बोलतो. आमचं हॉटेल परदेशी साखळीतलं, चेक-इनची प्रणाली युरोपातली. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, पासपोर्ट, व्हिसा, सगळं; त्याला आम्ही सी फॉर्म म्हणतो. त्या प्रणालीत सी फॉर्मच नाही. म्हणून रिसेप्शनवरचा मुलगा सगळं दोनदा टाइप करतो आणि गर्दीच्या रात्री पासपोर्टचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून ठेवतो, सकाळी भरू म्हणून. जीडीपीआरचं, म्हणजे खासगी माहिती जपायच्या युरोपीय कायद्याचं, प्रशिक्षण आम्हाला दर वर्षी देतात. तो फोटो कोणाला दिसत नाही. सुलभाताई, कुलूप जास्त घट्ट केलं की माणसं खिडकीतून जातात.

सुलभा, मडगाव
हे मला लागलं. खरंच आहे. आमची ती एक्सेलही अशीच जन्माला आली असणार.

तरी डिचोलीकरांना एक विचारते. सवय आणि कायदा वेगळे, हे बोलायला सोपं. बैठकीत प्रत्येक जण आपल्या सवयीला कायदाच म्हणतो. ‘भारतात असंच चालतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर विश्वास बसत नाही. जर्मनीतल्या माणसाने कोणावर भरवसा ठेवायचा?

डिचोलीकर
भरवसा नकोच, कागद मागा. प्रणालीतल्या ज्या फील्डवर (माहिती भरायच्या रकान्यावर) आम्ही हक्क सांगू, त्यासमोर कायद्याचं कलम किंवा अधिसूचना लिहून देऊ. नसेल तर हक्क सोडू. मी बसून मोजलं, आमच्या कारखान्यात अशी फक्त एकोणीस फील्ड निघाली. बाकी सगळं हेडऑफिसने खुशाल कुलपात ठेवावं. या एकोणिसांत बदल करायचा तर दोन सह्या, एक आयटीची आणि एक तुमच्यासारख्या क्वालिटीवाल्यांची, आणि ऑडिट ट्रेल चालू. गुरुवारच्या बैठकीला नंतर कळवायचं, आधी विचारायचं नाही.

प्रसन्नबाब, तुमच्याच क्षेत्रातलं बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. जर्मनीत सुट्टी असेल तर ते सहा तास कोणाची वाट बघायची?

प्रसन्न, पर्वरी
तिथे मी तुमच्या बाजूने. कळवायचा अधिकार इथेच हवा, आणि तो लेखी हवा.

अवधूत, फोंडा
एकोणीस म्हणताय तोवर ठीक. पुढच्या वर्षी ती चाळीस होतील, मी सगळीकडे हेच बघितलंय. दर वर्षी यादी पुन्हा तपासणार असाल तर माझा विरोध मागे.

सुलभा, मडगाव
दोन सह्या म्हणालात. रात्रपाळीला आमच्याकडे क्वालिटीचा एकच माणूस असतो आणि तो नमुने तपासत असतो. कंटेनर रात्री अडला तर दुसरी सही कोणाची?

डिचोलीकर
याचं उत्तर माझ्याकडे नाही. सोमवारी प्लांट हेडसमोर हाच प्रश्न ठेवतो. तुमच्याकडे शिफ्टची वाटणी कशी आहे ते लिहाल का?