कृष्ण चतुर्दशीचा जन्म, क्षीण चंद्र आणि माझं रडणं

फोंड्याची बाय

माझा जन्म कृष्ण चतुर्दशीचा. लहानपणी मी भांडले, रुसले, गणितात कमी मार्क पडले, काहीही झालं की आईचं एकच वाक्य: "क्षीण चंद्राची ती, तिचं मन तसंच." जन्मल्यावर शांती केली होती म्हणे. तेव्हा भटजींनी पत्रिका बघून "हळवी राहील" असं सांगितलं आणि ते कायमचं चिकटलं. आता मी ३६ वर्षांची, दोन मुलांची आई. तरी फोनवर आवाज जरा जड झाला की आई विचारते, "आज तिथी कोणती गो?"

गेल्या महिन्यात भाचीने मोबाइलवरच्या कसल्याशा ॲपात माझी जन्मवेळ घातली. तिथे आलं की मी 'बाल्सामिक मून'ची. जुनं सोडून देणारी, अंतर्मुख, जाणता आत्मा वगैरे. चंद्र तोच, रात्रही तीच. मग मी कमकुवत मनाची की जाणत्या आत्म्याची? मनाने जरा मोठं व्हायचं तर यातलं कुठलं धरू?

गेल्या वर्षी चवथीच्या आधी वडील गेले. तेव्हापासून रडणं वाढलंय, म्हणून विचारतेय. रडले त्या दिवसाला स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने ठिपका घालते. हसू नका.

पंचांगवाला, डिचोली

ताई, आधी गणित. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. अशा ३० तिथी, म्हणजे साधारण साडेएकोणतीस दिवस. कृष्ण चतुर्दशी २९ वी. चंद्राला सूर्य गाठायला तेव्हा १२ ते २४ अंश उरलेले असतात. बाल्सामिक म्हणजे शेवटचे ४५ अंश, आपल्या हिशेबाने कृष्ण द्वादशी ते अमावास्या. डेन रुध्यार नावाच्या ज्योतिषकाराने विसाव्या शतकात चंद्राच्या आठ अवस्थांवरून स्वभाव मांडले, ॲपवाले तेच उचलतात.

आपल्याकडे चंद्र मनाचा कारक, पुरुषसूक्तातच आहे, 'चंद्रमा मनसो जातः'. त्याच्यावर उजेड किती, ते पक्षबल. तुमचं पक्षबल कमी, हे खरं आहे. पण चंद्र वृषभेत आहे की कर्केत, गुरूची दृष्टी आहे का, हे न बघताच 'मन कमकुवत' म्हणणं म्हणजे नुसतं मीठ चाखून हुमण कसं झालंय ते सांगणं.

'रिक्ता तिथी', म्हणजे रिकामी, अशुभ, म्हणून कुणी घाबरवलं असेल तर तेही सांगतो. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी, तिन्ही रिक्ताच. गणपती, रामजन्म आणि महाशिवरात्र नेमक्या त्यांच्यावर येतात.

गणिताचा मास्तर

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांवर होती. तिसांतली एक तिथी धरली तर ४८ हजारांहून जास्त गोंयकार तुमच्याच तिथीचे. ते सगळे हळवे असते तर मांडवीला वेगळी भरती लागलीच नसती.

तुमच्या प्रश्नात कामाची गोष्ट एकच आहे, ते ठिपके. वार, तिथी आणि त्या दिवशी काय घडलं, तिन्ही मांडा. आणि झोप, जेवण बिघडलं असेल तर पंचांग बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

खाजनकार

बाय, मी मांडवीतल्या दिवाड बेटावरचा. ज्योतिषातलं मला ओ की ठो कळत नाही, पाणी कळतं. आमचं खाजन म्हणजे नदीकाठची बांध घातलेली खारी शेतजमीन, त्या बांधाला दारं असतात, त्यांना म्हणतात मानस. मनालाही मानसच म्हणतात, आता हा शब्दांचा खेळ असेल, पण माझ्या डोक्यात तो लहानपणापासून बसलाय. ती लाकडी दारं कुणी ओढत नाही. नदी चढली की तिच्या दाबाने मिटतात, नदी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात.

वडिलांनी एक वर्ष मानशीचा, म्हणजे तिथे मासे धरायच्या हक्काचा, लिलाव घेतला होता. रात्री पेट्रोमॅक्स घेऊन आम्ही दाराच्या तोंडाला जाळं लावून बसायचो. आधी नुसता पाण्याचा आवाज बदलायचा. मग दार कण्हायचं. मग जाळं एकदम टरारून फुगायचं. सुंगटं, शेवटे, कुर्ल्या, पालापाचोळा, कुणाची तरी एक चप्पल, सगळं एकत्र.

आता तुमचा चंद्र. अष्टमीला भांगाचं पाणी, धड चढत नाही, धड उतरत नाही. आतलं पाणी तुंबतं, वास मारतं. अमावास्या-पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे उधाण. भरती मोठी हे सगळ्यांना दिसतं, पण ओहोटीही तेव्हाच सगळ्यांत खोल जाते. खाजन नीट रिकामं होतं ते त्या दिवसांत. तुमची चतुर्दशी त्यातलीच. आमच्या घरी तिला क्षीण म्हटलेलं मी ऐकलं नाही, लिलावाचे पैसे त्याच दिवसांत सुटायचे.

आणि नरकासुराची पहाट, तीही कृष्ण चतुर्दशीच ना? पोरं रात्रभर जागून नरकासुर जाळतात, आपण कारीट फोडतो, फोव खातो. अभ्यंगाला पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते. तो हाच चंद्र. यंदा त्या धुरातून जरा पूर्वेकडे बघा, सूर्याच्या तासभर आधी नखाएवढी कोर वर आलेली असते.

फोंड्याची बाय

मास्तर, मोजले. मार्चपासून २१ ठिपके. कृष्ण द्वादशी ते अमावास्या या दिवसांत फक्त ३. रविवारी ११!

रविवारी भाऊ दुबईहून फोन करतो. वडिलांचं घर विकूया म्हणतो. मी "बघूया" म्हणते, फोन ठेवते आणि कांदा चिरायला घेते.

आईला कॅलेंडर दाखवलं. तिने चष्मा लावून सगळी पानं उलटली आणि म्हणाली, "मग त्या आयतारांच्या तिथी बघ ना."

या रविवारी त्याला "नको" म्हणून सांगणार आहे. त्या दिवशी नेमकी चतुर्दशी आहे, हे आईला सांगितलेलं नाही. खाजनकार काका, मानस बघायला मुलांना घेऊन आले तर चालेल?

खाजनकार

चालेल कसलं, याच. अमावास्येला या, दुपारची भरती उतरायला लागली की जुन्या गोव्याहून फेरी धरा. मुलांचे जास्तीचे कपडे आणा. खाजनाचा चिखल धुऊन जात नाही.