फ्रांकची चर्चमधली वर्षे वाया गेली का?

एकोणिसाव्या शतकातला संगीतकार आणि ऑर्गनवादक सेझार फ्रांक याची खरी प्रतिभा साठीनंतरच फुलली, त्याआधीची चर्चमधली नोकरी म्हणजे वाया गेलेला काळ, असे एक मत आहे; ते मला निम्मेच पटते. व्हायोलिन सोनाटा 1886 मधला आणि डी मायनर सिंफनी 1888 मधली, हे खरेच आहे. पण पॅरिसच्या सेंत क्लोतिल्द चर्चमध्ये 1859 साली ऑर्गन बांधणाऱ्या कावाये-कोलने घडवलेला तीन कीबोर्डांचा, 46 स्टॉपांचा (स्टॉप म्हणजे एकेका स्वररंगाच्या नळ्यांचा संच) ऑर्गन त्याच्या हाती आला आणि 1890 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच वाद्यापाशी राहिला, हे त्या मतात विसरले जाते. त्या वाद्यावरच ‘सहा रचना’ हा ऑर्गनसाठीचा संग्रह घडला आणि 1868 मध्ये छापला गेला, तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.

त्यांतली ‘प्रेल्यूड, फ्यूग आणि व्हेरिएशन’ एकदा शांतपणे ऐकावी. सुरुवातीची धून ओबोच्या, म्हणजे ओबो या सुषिर वाद्यासारखा आवाज देणाऱ्या, स्टॉपवर येते. त्याच्या नळ्या लाकडी पेटीत बंदिस्त असतात आणि पेटीच्या झडपा पायाने उघडमिट करून वादक आवाज हलकेच फुलवतो, मिटवतो. शिवाय धुनेची वाक्ये नेहमीच्या चार मात्राखंडांची (सारख्या मात्रांच्या छोट्या तुकड्यांची) नसून पाचांची आहेत, त्यामुळे धून संपली असे वाटते तिथेच ती आणखी एक श्वास घेते. मी ही रचना कित्येक वर्षे ऐकत आलो आहे, आणि तो पाचवा खंड आला की अजूनही हातातले काम थांबते. (आज तिथे वाजणारा ऑर्गन मात्र विसाव्या शतकात बराच बदललेला आहे.)