लिफ्टजवळचं ते पत्रक

मीना काकू, ३०२ : लिफ्टजवळ कोणीतरी वजन कमी करायच्या कॅप्सूलचं पत्रक चिकटवलं आहे. 'शंभर टक्के आयुर्वेदिक, महिन्यात ८ किलो.' कोणी घेऊन राहिलं काय? गुडघे लय दुखून राहिले, दिवाळीपर्यंत थोडं उतरवायचं म्हणते.

संध्या, १०४ : काकू, ते पत्रक मी आत्ताच काढून आणलं. घेऊ नका. मागच्या उन्हाळ्यात मी असल्याच कॅप्सूल घेतल्या होत्या, ओळखीतून आल्या होत्या. पांढरी डबी, त्यावर ना औषधाचं नाव, ना बनवणाऱ्याचा पत्ता. भूक खरंच मेली. ऑफिसच्या डब्यातल्या दोन्ही पोळ्या तशाच परत यायच्या आणि मला आनंद व्हायचा. पण तोंडाला कोरड, रात्रभर डोळे टक्क उघडे. दुसऱ्या आठवड्यात लाइट गेले म्हणून जिन्यानं आले, तर छाती इतकी धडधडली की दाराची कडी धरून उभी राहिले. बीपी १६०/१००. मला बीपी कधीच नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी कॅप्सूल बंद करायला लावल्या.

राजू भाऊ, ४०१ : संध्याताई, माझं औषधाचं दुकान आहे म्हणून सांगतो. तपासल्याशिवाय नाव घेता येत नाही, पण ही लक्षणं वाचून मला सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध आठवते. ते मेंदूतल्या रसायनांवर काम करते, थोडक्यातच पोट भरल्यासारखं वाटते. पण सोबत नाडी आणि बीपीही वाढते. हृदयाच्या रुग्णांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढलेले दिसले, म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत विक्री थांबली आणि २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आली. तरी 'हर्बल' म्हणून विकलेल्या डब्यांत ते लपून मिसळलेलं सापडत असते. काहींत जुलाबाचं नाहीतर लघवीचं औषध असते. त्यानं काटा २ किलो खाली येते, पण ते पाणी असते हो, चरबी नाही. पोटॅशियम उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मीना काकू, ३०२ : मग सगळ्याच गोळ्या वाईट काय? माझ्या बहिणीला तर डॉक्टरनंच लिहून दिली, ऑर्लिस्टॅट.

राजू भाऊ, ४०१ : नाही काकू, ते खरं औषध आहे. आतड्यात तेल-तूप फोडणारं लायपेज नावाचं विकर ती गोळी अडवते. १२० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत घेतली की जेवणातली साधारण ३० टक्के चरबी न पचता बाहेर पडते. म्हणून सावजी किंवा तर्री पोहे खाल्ले की तेच तेल शौचातून निघते, घाईची लागते, कपड्याला नारिंगी डाग पडतात. कमी तेलाचं जेवण पाळलं तरच ही गोळी झेपते.

मीना काकू, ३०२ : अगं बाई. म्हणूनच ती परवा तेरवीच्या पंगतीतून मधेच उठून घरी गेली. कोणाला सांगितलं नाही बिचारीनं.

राजू भाऊ, ४०१ : त्यांना सांगा, लाजू नका, डॉक्टरशी बोला. आणि काकू, तुम्ही सकाळी थायरॉइडची गोळी घेता. ऑर्लिस्टॅटमुळे ती नीट शोषली जात नाही, दोन्हींत निदान ४ तासांचं अंतर लागते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तेलासोबत निघून जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन झोपताना घ्यायला सांगतात. आणि वजन उतरावं म्हणून थायरॉइडचा डोस स्वतःहून वाढवू नका. हृदय आणि हाडं दोन्हींवर येते.

अमेय, २०३ : भाऊ, ती वजन उतरवायची सेमाग्लूटाइड कशी आहे? जिममध्ये सगळे तेच बोलून राहिले.

राजू भाऊ, ४०१ : तिची गोळी आपल्याकडे २०२२ मध्ये मधुमेहासाठी आली. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटते, त्याची ती नक्कल करते. पोट हळू रिकामं होते, भूक कमी लागते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होते. क्वचित पित्तखडे, स्वादुपिंडाला सूज. बंद केली की वजन बहुतेकांचं परत चढते. चिठ्ठीशिवाय माझ्या दुकानात मिळणार नाही, तू मागितली तरी.

मीना काकू, ३०२ : उद्या ११ वाजता डॉक्टरकडे जाते. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून नेते. संध्या, येशील काय सोबत?

संध्या, १०४ : येते काकू. ती पांढरी डबी अजून कपाटात आहे, तीही आणते.

राजू भाऊ, ४०१ : डॉक्टरला दाखवा, पण फेकू नका. पत्रकही जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात तक्रार द्यायला मी येतो तुमच्यासोबत.