बोटीवरची फॉर्मल नाइट: आईच्या पैठणीला वाट, बाबांच्या धोतराला दार बंद?

फोंड्याची लेक

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघी बहिणींनी त्यांना एका छोट्या लक्झरी बोटीवर नेलं. मुंबई, मग आपलं मुरगाव, पुढे कोची आणि शेवटी कोलंबो. प्रवासी जेमतेम चारशे. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यात सूट शिवला नाही. घरचं कार्य असो की शाळेचं स्नेहसंमेलन, जरीकाठी धोतर, रेशमी झब्बा आणि खांद्यावर उपरणं.

मुरगाव सोडलं त्याच संध्याकाळी फॉर्मल नाइट होती, म्हणजे औपचारिक पोशाखात जेवायला यायची रात्र. डेकवरून बाबा आईला वास्कोचे दिवे दाखवत होते. तिथून आम्ही सगळे जेवायला खाली गेलो. दारातल्या मुख्य वेटरने आईची पैठणी पाहून हात जोडले, फोटोग्राफरने तिला जिन्यावर उभं करून चार फोटो काढले. बाबांना मात्र मुख्य वेटरने बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की आज पुरुषांना जॅकेट सक्तीचं आहे, हवं तर आमच्याकडे तुमच्या मापाचं मिळेल. धोतर-झब्ब्यावर कोणाचा तरी कोट! बाबा 'नको' म्हणाले आणि खोलीत परत गेले. मी मागोमाग गेले तेव्हा ते पलंगावर बसून धोतराची घडी घालत होते, जरीकाठ वर येईल अशी, अगदी सावकाश. त्यानंतर ते मुख्य जेवणघरात एकदाही आले नाहीत. संध्याकाळ झाली की म्हणायचे, "तुम्ही जा, मला भूक नाही."

तिकिटाबरोबरच्या पत्रकात पुरुषांसाठी टक्सिडो, डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय एवढंच लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. रेशमी धोतर त्याहून कमी ठरेल असं माझ्या मनातही आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. फॉर्मल नाइट खुशाल ठेवा, पण ज्या देशाच्या बंदरातून माणसं चढवता, तिथला सणासुदीचा पोशाख फॉर्मल धरा. येत्या जानेवारीत आईला पुन्हा जायचंय. बाबा तयार नाहीत. तुमची मतं हवी आहेत, विरोधातली असली तरी.

साधा हिशोब

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तरीही चूक बोटीची नाही. नियम लेखी होता, तुम्ही वाचला होता आणि मग पैसे भरले. शंका असती तर एक ईमेल पुरेसा होता.

आणि आपण गोव्यातली माणसं हे कसं विसरतो? समुद्रावरून थेट देवळात येणाऱ्या पर्यटकाला आपण दारात थांबवतो. बाँ जेझूच्या बासिलिकेतही उघडे खांदे चालत नाहीत. त्या पर्यटकाने 'आमच्याकडे असंच घालतात' म्हटलं तर आपण ऐकून घेतो का? कमरेला गुंडाळायला कापड देतो. तुमच्या बाबांना देऊ केलेलं जॅकेट म्हणजे तेच कापड. आपल्या दारात आपला नियम, त्यांच्या दारात त्यांचा.

फोंड्याची लेक

देवळाचं उदाहरण मला पटत नाही. पर्यटकाला कापड देतो ते त्याचे पाय उघडे असतात म्हणून. जे कमी आहे ते आपण भरून काढतो, त्याला सोवळं नेसायला लावत नाही. बाबा गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेले होते, अंगावर घरातलं सगळ्यात भारी वस्त्र होतं. त्यांच्यात कमी काय होतं?

जुना तारवटी

मी २६ वर्षं बोटींवर काढली. स्टुअर्ड म्हणून चढलो, शेवटची काही वर्षं त्याच दारात उभा होतो. माझे आजोबा आणि काकाही तारवटीच. मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या गावक्लबात, राहून बोटीची वाट बघायचे. म्हणून त्या वेटरच्या जागेवरून सांगतो.

दोन-तीन हजार प्रवाशांच्या बोटीवर ज्याला नटायचं नाही तो वर बुफेला जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या बोटीवर मुख्य जेवणघर एकच, फार तर जोडीला एक-दोन लहान. दुसऱ्या दिवशी सगळे सगळ्यांना चेहऱ्याने ओळखतात. एकाला सवलत दिली की दुसऱ्या रात्री कोणी तरी पोलो शर्टमध्ये उभा राहतो आणि म्हणतो, काल त्यांना सोडलंत. मग हौसेने वर्षभर जपलेला गाऊन घालून आलेली बाई तक्रार करते, आणि ती तक्रार वेटरच्या नावावर चढते. त्याच्या हातात ठरवण्याचा अधिकार नसतो.

आणखी एक. फॉर्मल नाइटला संध्याकाळी आमची रांग लागायची. दोन्ही हात पुढे, आधी तळवे खाली, मग वर. नखं, कफ, बुटांचं पॉलिश, दाढी, सगळं तपासलं जायचं. शर्टाला डाग दिसला तर खाली जाऊन बदलून या. आम्ही एवढं करतो ते समोरच्याच्या मानासाठी. पाहुण्यानेही थोडं करावं ही अपेक्षा मला आजही चुकीची वाटत नाही. फॉर्मल नाइट बंद करा म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे.

पण तुमच्या बाबांना मी परत पाठवलं नसतं. त्यांना बाजूच्या बारमध्ये बसवून हॉटेल मॅनेजरला फोन लावला असता. तिथे त्या वेटरचं चुकलं.

निळी छत्री

मला मुळात ही रात्रच नको आहे. सुट्टीवर जायचं आणि दोन संध्याकाळींसाठी कोट, बूट, टाय, दागिने वाहून न्यायचे? दाबोळी विमानतळावर सामानाचा काटा फिरायला लागतो तेव्हा पहिलं ओझं याचंच असतं.

आणि सगळ्या बोटी अशा नसतातही. वायकिंग कंपनीच्या समुद्री बोटींवर फॉर्मल नाइट नाही. सीड्रीमच्या बोटींवर ११२ प्रवासी असतात, सेवा अत्यंत उंची, तरी टायसुद्धा लागत नाही. विंडस्टारच्या शिडांच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं नाही. 'एलिगंट कॅज्युअल' लिहिलेलं असेल तर नीट इस्त्रीचा कॉलरचा शर्ट आणि लांब पँट पुरते. तुमच्या बाबांचा झब्बाही त्यात सहज बसेल. ताई, कोट शिवत बसण्यापेक्षा बोट बदला.

मांडवीकाठ

बोट बदला हा उपाय झाला, उत्तर नव्हे. २०१४च्या जुलैमध्ये चेन्नईत क्रिकेट असोसिएशनच्या क्लबने मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी (तमिळ धोतर) नेसली म्हणून आत सोडलं नव्हतं. महिनाभरात तामिळनाडू विधानसभेने कायदा केला. वेष्टी किंवा दुसरा भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून क्लब, हॉटेल, सभागृह अशा ठिकाणी प्रवेश नाकारला तर २५,००० रुपये दंड आणि वर्षापर्यंत कैद. तो कायदा तामिळनाडूपुरता. बोट तर बहुतेक वेळा बहामा किंवा माल्टाच्या झेंड्याखाली फिरते, तिथे तिकिटावरच्या अटीच चालतात. कोर्टात काही हाती लागणार नाही, हे मी वकील म्हणूनच सांगतो.

मुद्दा मात्र शिल्लक राहतो. ज्याला 'त्यांचा' पोशाख म्हणतो त्यात आपलं किती आहे? टक्सिडोवर कमरेला बांधतात तो पट्टा म्हणजे आपला कमरबंद. इथल्या उकाड्यात वेस्टकोट सोसवेना म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी तो उचलला. खलाशांच्या जाड्याभरड्या कापडाचं 'डंगरी' हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून गेलं. आपल्या हवेने त्यांचा पोशाख बदलला, आणि आता आपला माणूस दाराबाहेर? क्यूनार्ड ही फॉर्मल रात्रींबाबत सगळ्यात कडक समजली जाणारी जुनी ब्रिटिश कंपनी. तिच्या गाला संध्याकाळींनाही औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो. मग चारशे प्रवाशांच्या बोटीला काय अडचण आहे?

साधा हिशोब

अडचण ही, की 'राष्ट्रीय पोशाख' कुठे संपतो ते ठरवणार कोण? आज रेशमी धोतर, उद्या सुती लेंगा, परवा छापील कुर्ता आणि जीन्स. प्रत्येक जण म्हणणार, हाच माझा सणाचा पोशाख. काळ्या सूटचा एक गुण कोणी सांगत नाही: त्यात कारखानदार आणि कारकून सारखे दिसतात. दारातल्या वेटरला कोणाची जात, प्रांत, रेशीम ओळखत बसावं लागत नाही.

फोंड्याची लेक

हे बायकांना का लागू होत नाही? आईच्या पैठणीचा उल्लेखही पत्रकात नव्हता. 'इव्हनिंग गाऊन किंवा इतर औपचारिक पोशाख' एवढंच होतं. त्या 'इतर'मध्ये पैठणी बसली, एका शब्दाने कोणी विचारलं नाही. पुरुषांच्या ओळीत तोच एक शब्द घातला असता तर बाबा त्या रात्री आईशेजारी बसले असते. ४० वर्षांच्या निमित्ताने आणलेला केक आम्ही त्यांच्या खुर्चीसमोर कापला.

निळी छत्री

हे वाचून माझं मत थोडं हललं. 'इतर' हा शब्द दोन्ही ओळींत हवा. रात्र मात्र मला अजूनही नकोच आहे.

म्हापशाचा शिंपी

मी म्हापशात ३१ वर्षं कोट शिवतोय. लग्नाचे जास्त. ताई, तुम्ही लिहिलंत 'धोतर-झब्ब्यावर कोट!' आणि पुढे उद्गारचिन्ह दिलंत, तिथे मी अडखळलो. वेटरचा उघड्या गळ्याचा कोट धोतरावर वाईट दिसला असता हे खरं. पण बंद गळ्याचा लांब कोट धोतरावर हा तर आपला जुना औपचारिक पोशाख. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले मास्तर, वकील, वैद्य असेच बाहेर पडायचे. धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, उपरणं, डोक्याला टोपी किंवा पागोटं. घरातले जुने फोटो काढून बघा.

शिवायचाच असेल तर तीन गोष्टी. कापड हलकं, उन्हाळी वूल घ्या, पॉलिस्टर नको. जेवणघरात एसीने थंडी वाजते आणि डेकवर आलं की घाम फुटतो. अस्तर पाठीत अर्धंच ठेवायला सांगा. वयस्क माणसाची मान बारीक झालेली असते, कॉलर आणि गळा यांत एक बोट जाईल एवढीच जागा हवी, नाहीतर बंदगळा मागून उभा राहतो. आणि नोव्हेंबर लागला की गोव्यात लग्नांची गर्दी, कोणताही शिंपी तुम्हाला नीट ट्रायल देणार नाही. जानेवारीत जायचं तर ऑक्टोबरमध्येच माप द्या.

फोंड्याची लेक

शिंपीदादा, तुमचं उत्तर काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी उठून माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली. आजोबांचा काळा अल्पाकाचा कोट निघाला. आजोबा मराठी शाळेत मास्तर होते, पोर्तुगीज राजवटीतले. कोटाला कसर लागलेली नाही, पण बाह्या कोपरावर विरल्यात आणि वरचं एक बटण नाही. बाबांनी अंगात घालून पाहिला, खांद्यात बसला नाही. तरी बराच वेळ काढला नाही.

त्याच्यावरून नवा बेतायला ते तयार आहेत. खाली धोतरच नेसणार, पँट नाही, ही त्यांची अट. मी कंपनीला कोट आणि धोतर दोन्हीचे फोटो पाठवून ईमेल केला आहे.

साधा हिशोब

कोट आहे म्हणजे माझी हरकत मिटायला हवी, पण प्रामाणिकपणे सांगतो, मिटली नाही. नियमात पँट अपेक्षित आहे. कंपनी लेखी हो म्हणाली तर मी गप्प. नाही म्हणाली तर कृपा करून दारात वाद नको, बाबांना पुन्हा तो प्रसंग नको.

जुना तारवटी

हे साधा हिशोब यांचं शंभर टक्के बरोबर. लेखी उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. आणि ती फॉर्मल नाइटला काढू नका. बोटीवर चढाल त्याच दुपारी जेवणघराच्या मुख्य वेटरला जाऊन भेटा, बाबांना सोबत न्या, कागद दाखवा. त्याच्याकडे तेव्हा वेळ असतो, आणि चेहरा एकदा ओळखीचा झाला की तो स्वतः खुर्ची ओढतो. मी हेच केलं असतं.

पायात काय ते कोणी विचारलं नाही. चपला नेऊ नका, तिथे खरंच अडवतील. धोतराखाली काळे पंपशू घ्या. जुनी माणसं तेच घालायची आणि टक्सिडोखालीही पंपशू हाच मूळचा बूट, त्यावर कोणाला बोट ठेवता येणार नाही. फक्त तळ चामड्याचा नको, रबरी बघा. पावसाची सर आली किंवा रात्री डेक धुतला की लाकूड घसरतं आणि धोतराच्या निऱ्या सांभाळताना हात मोकळे नसतात. बाबांच्या पायाचं माप काय?

फोंड्याची लेक

आठ. देव बरें करूं, काका. उद्या मडगावला जाते.